देवाला दोन चालतात, मग माणसाला का नाही?

प्रश्न : आमचं गाव कासुर्डी, तालुका दौंड. मागच्या महिन्यात घरात लग्न झालं. नवरा-नवरीला जेजुरीला नेऊन आणलं आणि रात्री दारात जागरण घातलं. वाघ्या-मुरळीने बानूची कथा लावली तेव्हा मागे बसलेले पाहुणे म्हणाले, "देवाला दोन चालतात, मग माणसाला काय झालं?" सगळे हसले. मला हसू आलं नाही आणि उत्तरही सुचलं नाही. हीच मंडळी टीव्हीवर नवऱ्याच्या लफड्याची मालिका लागली की त्या दुसऱ्या बाईला शिव्या घालतात. माझी कॉलेजातली मुलगी म्हणते, "आई, कोर्टाने आता हे सगळं माफ केलंय. शहरात लोक ओपन मॅरेज करतात." खरं काय आहे? पूर्वी चालायचं ते आता गुन्हा झालं, की पूर्वी गुन्हा होता ते आता चालायला लागलं?
— एक वाचक भगिनी, कासुर्डी

उत्तर : ताई, तुमच्या पाहुण्यांनी जागरणातली कथा अर्धीच ऐकली. म्हणून आधी ती पुरी करू, मग कायद्याकडे येऊ.

म्हाळसेची बाजू

म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. तिचं आणि खंडोबाचं लग्न सातारा जिल्ह्यातल्या पालीला लागलं. तिथे पौषात आजही तो सोहळा होतो आणि भंडाऱ्याने सगळं गाव पिवळं होतं. बानू ऊर्फ बानाई धनगराची, चंदनपुरीची. सारीपाटात देव म्हाळसेकडून हरला, पणाप्रमाणे बारा वर्षं घर सोडून गेला आणि म्हाताऱ्याचं सोंग घेऊन बानूच्या बापाची मेंढरं राखायला राहिला. पुढे तिच्याशी लग्न करून तिला जेजुरीला घेऊन आला. इथपर्यंतची कथा सगळ्यांना पाठ असते.

पण कथेचा जोर यापुढे आहे. म्हाळसा गप्प बसत नाही. ती देवाला जाब विचारते. बानूच्या जातीवरून, खाण्यापिण्यावरून, मेंढरांच्या वासावरून तिला बोलते. बानूही ऐकून घेणारी नाही, ती तोडीस तोड उत्तर देते. हा सवतींचा झगडा वाघ्या-मुरळी रात्री रात्री रंगवतात. देवाला दोघींची समजूत घालता येत नाही. अखेर एकीला वर गडावर आणि दुसरीला खाली ठेवावं लागतं. जेजुरीच्या पायऱ्या चढताना अर्ध्या वाटेवर बानाईचं देऊळ लागतं. नवरीला उचलून पायऱ्या चढणारा प्रत्येक नवरा त्या वाटेनेच वर जातो.

म्हणजे लोकपरंपरेने पहिल्या बायकोची तक्रार कापून टाकलेली नाही. नव्या जोडप्याच्या दारात, सगळ्या सोयऱ्यांदेखत, तिला पोटभर बोलू दिलं आहे. "देवाला दोन चालतात" एवढंच ज्याने ऐकलं, त्याने देवाला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबाच्या परंपरेचा कसून अभ्यास केला. परंपरेत देवाला दोन नव्हे, पाच बायका सांगतात. म्हाळसा वाण्याची, बानाई धनगराची, आणखी एक शिंपीण, एक माळीण आणि एक मुसलमान. देवाने लग्न केलं की तो समाज देवाचा सोयरा झाला, त्याला देवळात मानाची जागा मिळाली. या लग्नांचा अर्थ असा आहे. त्यातून गावातल्या कुणा पुरुषाला परवाना निघत नाही.

आणि परवाना काढायचाच असेल, तर या देवाच्या नावाने दिली गेलेली किंमतही मोजावी लागेल. नवस फेडायला पोटच्या मुली मुरळी म्हणून खंडोबाला वाहिल्या जात. त्यांचं लग्न देवाशी लागे, म्हणून माणसाशी लग्न करायची मुभा नसे आणि पुरुषांची नजर मात्र त्यांच्यावर असे. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुरळ्या वाहण्याच्या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. मुंबई इलाख्यात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला आणि २००५ साली महाराष्ट्राने प्रथा निर्मूलनाचा नवा कायदा केला. देवाशी लागलेल्या त्या लग्नांना मुलीची संमती कुणी विचारली नव्हती.

पाबळची समाधी

आता देवाकडून माणसांकडे येऊ. तुमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळला, बाजीराव पेशव्यांच्या दुसऱ्या पत्नीची, मस्तानीची, समाधी आहे. पाबळ, केंदूर, लोणी ही गावं तिला इनाम दिलेली. बाजीराव मोहिमेवर असताना १७४०च्या सुमारास पेशव्यांच्या घरच्यांनीच तिला कैदेत ठेवलं. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव गेले आणि त्यानंतर लवकरच मस्तानीही गेली.

मस्तानीला विरोध झाला तो ती दुसरी होती म्हणून झाला नाही. त्या काळी सरदार-कारभाऱ्यांच्या घरी अनेक बायका असणं रूढ होतं. नाना फडणवीसांची नऊ लग्नं झाली, त्यावर कुणी बंड केलं नाही. पुण्याला मस्तानीचा धर्म आणि जात खुपली. तेव्हा "पूर्वी चालायचं" असं म्हणताना कुणाचं चालायचं आणि कुणाशी चालायचं, हेही पाहावं लागतं.

पहिल्या पत्नीचं, काशीबाईंचं, मन मात्र इतिहासाच्या कागदांत फारसं सापडत नाही. म्हणून ते ना. सं. इनामदारांना 'राऊ' कादंबरीत रचावं लागलं आणि २०१५च्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटात संजय लीला भन्साळींनी ते आपल्या पद्धतीने रचलं. काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात, हे पाहून पुण्यात केवढा गदारोळ झाला. पेशव्यांची पत्नी नाचेल का, यावर रकाने भरून वाद झाले. नवऱ्याने दुसरी आणल्यावर त्या बाईला काय वाटलं असेल, हा प्रश्न त्या वादात मागे पडला. जेजुरीच्या म्हाळसेला जेवढं बोलायला मिळालं, तेवढंही शनिवारवाड्यातल्या काशीबाईंना मिळालं नाही.

राग बाईवरच का?

मालिकांविषयी तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. २०१४ ते २०१७ खंडोबावरची 'जय मल्हार' मालिका चालली. त्यात बानूचं काम ईशा केसकर यांनी केलं. पुढे 'माझ्या नवऱ्याची बायको' या त्याच वाहिनीवरच्या मालिकेत काही काळ नायक गुरुनाथच्या प्रेयसीची, शनायाची, भूमिका त्यांच्याकडेच आली. अभिनेत्री तीच, दोन्हीकडे नातं दुसऱ्या बाईचं. पण बानूला घराघरांतून माया मिळाली आणि शनायाच्या वाट्याला शिव्या आल्या. यातून आपल्या मनाची घडण कळते. देवाने आणली तर ती देवी, गुरुनाथने आणली तर ती घरफोडी. दोन्हीकडे आणणारा पुरुष मात्र सुटतो. लग्नाचं वचन त्याने दिलेलं असतं, मोडतोही तोच, आणि हिशेब मागितला जातो त्या बाईकडे. चौफुल्याच्या लावणी कला केंद्रांवर घर बुडाल्याचं खापर फोडतानाही हेच होतं. पैसे घेऊन तिथे जाणारा आपल्या पायाने गेलेला असतो.

या मालिकांनी एक चांगलं केलं, तेही सांगायला हवं. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली गुरुनाथची पत्नी राधिका रडत बसली नाही, मसाल्याचा धंदा उभारून स्वतःच्या पायावर उभी राहिली. 'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीने मोठी मुलं असताना घटस्फोट घेतला आणि आयुष्य नव्याने मांडलं. "बाईने सहन करावं" हे वाक्य रोज ऐकणाऱ्या घरांत ही दोन चित्रं रोज रात्री दिसली, याचं मोल मी कमी मानत नाही.

फसवणाऱ्या नवऱ्याला भर कोर्टात उभा करणारं नाटक मात्र तुमच्याच मुलखातल्या माणसाने लिहिलं. भुलेश्वरचा घाट ओलांडला की सासवडकडचं कोडीत, आचार्य अत्र्यांचं जन्मगाव. 'लग्नाची बेडी'त १९३६ साली त्यांनी बाहेर भुलणारे नवरे हसत हसत दाखवले. १९६२च्या 'तो मी नव्हेच'मध्ये नावं बदलून, वेश बदलून अनेक बायकांना लग्नाच्या जाळ्यात ओढणारा लखोबा लोखंडे उभा केला. नाटकाला माधव काझीच्या खऱ्या खटल्याचा आधार होता. लखोबाचा गुन्हा कशात होता, ते प्रेक्षकांना पक्कं कळत होतं. प्रत्येक बाईने एका भलत्याच माणसाला होकार दिला होता. खरी माहिती लपवून मिळवलेला होकार हा होकार नसतो.

पूर्वी चालायचं, ते गुन्हा कधी झालं?

हिंदू पुरुषाला अनेक लग्नं करायला कायद्याची आडकाठी नव्हती, ती आपल्याकडे १९४६ साली आली. मुंबई प्रांताने त्या वर्षी हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी घालणारा कायदा केला. मुलगा हवा म्हणून दुसरी बायको करणं हा धर्माचाच भाग आहे, असं म्हणत त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं. नरसू अप्पा माळी खटला या नावाने तो निकाल ओळखला जातो. १९५१ साली मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी कायदा टिकवला. छागलांचा एक मुद्दा आजही गावोगाव सांगावा असा आहे : ज्या धर्माला मुलगा हवा वाटतो, त्याच धर्माने दत्तक घ्यायची सोयही दिली आहे. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने हीच बंदी देशभर लागू केली. ख्रिस्ती, पारशी आणि विशेष विवाह कायद्याखालच्या लग्नांनाही एकपत्नीत्वाचाच नियम आहे. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात पुरुषाला चारपर्यंत लग्नांची मुभा अजून आहे.

आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे पहिलं लग्न कायम असताना दुसरं केलं तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पहिलं लग्न लपवून दुसरीला फसवलं तर दहा वर्षांपर्यंत. लखोबाला कायदाही जास्त शिक्षा देतो.

मग एवढे सुटतात कसे? याची दोन कारणं समजून घ्या. पहिलं, हा अदखलपात्र गुन्हा आहे. पोलीस आपणहून अटक करत नाहीत. पत्नीला स्वतः कोर्टात फिर्याद द्यावी लागते, किंवा तिच्या वतीने आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं, काका-मामा-आत्या-मावशी यांच्यापैकी कुणीतरी ती द्यावी लागते. दुसरं, दुसरं लग्न रीतसर विधींनी लागलं हे सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रातल्याच भाऊराव लोखंडे खटल्यात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. देवळात हार घातले, नोटरीकडे करार केला, पेढे वाटले, एवढ्यावर गुन्हा शाबीत होत नाही. त्यामुळे लग्नाचे फोटो, पत्रिका, भटजी, साक्षीदार यांना मोल येतं. सरकारी नोकराला मात्र वर्तणूक नियमांप्रमाणेही दुसरं लग्न करता येत नाही, ते त्याच्या नोकरीवर येतं.

डिसेंबर २०२२ मध्ये अकलूजला जुळ्या बहिणींनी एकाच मांडवात एकाच तरुणाशी लग्न लावलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला. दोघी शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, दोघींची मर्जी. तरी पोलिसांत नोंद झाली. अनेकांनी विचारलं, त्यांची संमती असताना सरकारला काय त्रास? प्रश्न खोटा नाही. पण कायदा त्या दोघींपुरता नसतो. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या डेंगणमाळची बातमी आठवा. पाण्याची इतकी टंचाई की पाणी आणायला म्हणून दुसरी, तिसरी बायको केली जाते आणि तिला 'पाणीवाली बाई' म्हणतात. बहुतेक त्या विधवा किंवा टाकलेल्या. त्याही 'हो' म्हणतात, कारण 'नाही' म्हटलं तर डोक्यावर छप्पर नाही. दुसरं लग्न संमतीने चालू दिलं, तर अशा किती जणींची संमती एका रात्रीत 'मिळवली' जाईल, याचा विचार करा. म्हणून ही बंदी मला योग्य वाटते.

कोर्टाने माफ केलं का?

तुमची मुलगी म्हणते तो निकाल २७ सप्टेंबर २०१८चा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने दंड संहितेचं व्यभिचाराचं कलम ४९७ रद्द केलं. पण ते कलम काय होतं, हे तिने वाचलंय का विचारा. विवाहित बाईशी तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाला त्यात शिक्षा होती. नवऱ्याची संमती असली की गुन्हा नाही. बाई अविवाहित किंवा विधवा असली तरी गुन्हा नाही. आणि ज्या बायकोचा नवरा बाहेर गेला, तिला फिर्याद करायचा हक्कच नाही. बाईला नवऱ्याची मालमत्ता मानणारं ते कलम होतं. ते गेलं हे उत्तमच झालं.

यात आपल्या जिल्ह्याचा एक धागा आहे. १९८५ साली हेच कलम सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी योग्य ठरवलं होतं. २०१८ साली ते रद्द करणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. चंद्रचूड घराणं मूळचं खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं. एका पिढीला जे कलम योग्य वाटलं, ते पुढच्या पिढीने स्त्रीच्या सन्मानाविरुद्ध ठरवलं.

पण तुरुंग टळला म्हणजे माफी मिळाली असं नाही. व्यभिचार हे आजही घटस्फोटाचं कारण आहे आणि १९७६च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी एकदाचा संबंधही पुरेसा आहे. लष्करातल्या शिस्तीच्या कारवाईला २०१८चा निकाल आड येत नाही, हे न्यायालयाने २०२३ साली सांगितलं. आणि दुसरं लग्न तर आधी होता तसाच गुन्हा आहे.

ओपन मॅरेजचं काय?

नवरा-बायको दोघंही सज्ञान, दोघांनी बसून ठरवलं की बाहेरच्या नात्याची मुभा राहील, तर कायदा त्यांच्या दारात येत नाही. मराठीत या विषयावर उघड बोलणं नवं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७पासून १९५३पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत आणि वाचकांच्या प्रश्नांना न लाजता उत्तरं देत. व्यभिचारावरच्या लेखासाठी १९३१ साली त्यांच्यावर खटला झाला आणि दंड बसला. १९३४ साली पुन्हा खटला, या वेळी वाचकांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्व्यांचं म्हणणं साधं होतं : कामसुखाचा हक्क पुरुषाला जेवढा, तेवढाच स्त्रीला. लोकांना खरं झोंबलं ते हे दुसरं अर्धं.

म्हणून मुलीला सांगा, शब्द इंग्रजी आहे की मराठी यावर काही ठरत नाही. कुठल्याही नात्याला, देवाच्या, पेशव्यांच्या की मोबाइलवरच्या, तीन प्रश्न विचारायचे. तिला सगळं माहीत आहे का? तिला 'नाही' म्हणता येतं का, म्हणजे नाही म्हटल्यावर राहायला घर आणि हातात पैसा आहे का? आणि जी मुभा त्याला, तीच तिला आहे का? तिन्हींना हो असेल तर ते त्या दोघांचं खाजगी आयुष्य. एकाला जरी नाही असेल, तर त्याला कितीही आधुनिक नाव द्या, ती जुनीच फसवणूक आहे. पाहुण्यांनाही तिसरा प्रश्न विचारून बघा : "दुसरा दादला तिलाही चालेल का?" ज्याला हे ऐकवत नाही, त्याला समान मुभा नको असते, मालकी हवी असते.

आणि ज्यांच्या घरात हे घडलंय

तुमचं पत्र वाचणाऱ्या काहीजणींसाठी हा प्रश्न कुतूहलाचा नसेल. त्यांच्यासाठी थोडक्यात. नवऱ्याने दुसरं लग्न केलं तरी पहिल्या पत्नीचा घरातला, पोटगीचा, वारसाचा हक्क जात नाही. "संमती आहे" असं लिहिलेल्या कुठल्याही स्टँपपेपरवर सही किंवा अंगठा देऊ नका. पहिलं लग्न लपवून फसवल्या गेलेल्या दुसऱ्या बाईलाही पोटगी मागता येते. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला आहे. अशा लग्नातून झालेली मुलं कायद्याने औरस आहेत आणि आई-वडिलांच्या मालमत्तेत त्यांचा हक्क आहे. १ सप्टेंबर २०२३च्या निकालाने वडिलांच्या वडिलोपार्जित हिश्श्यातलाही त्यांचा वाटा स्पष्ट झाला. मुलांना गावात कुणी टोचून बोलत असेल, तर हे त्याला ठणकावून सांगा.

आणि वकिलाला पैसे कुठून आणू म्हणून कुणी घरी बसू नये. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, विधी सेवेची हेल्पलाइन १५१००. महिला हेल्पलाइन १८१. उत्पन्न कितीही असो, १९८७च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे प्रत्येक स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो.